व्यसनमुक्ती समुपदेशक होताना या चुका टाळा

व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला येणारे बहुतेक जण कळकळीने येतात. कुणाच्या घरात व्यसनाने धुमाकूळ घातलेला असतो, कुणी स्वतः त्यातून बाहेर पडलेला असतो. पण सुरुवातीच्या बऱ्याच चुका याच कळकळीतून होतात. माणसाला लवकर सोडवायची घाई होते आणि त्याचं ऐकायचं राहून जातं.

पटवून देत बसणं

समोरचा म्हणतो, “मी रोज पितो, पण कामाला कधी दांडी मारत नाही.” शिकाऊ समुपदेशक लगेच यकृत, कर्ज, मुलांचं भवितव्य असा पाढा वाचतो. माणूस मान डोलावतो आणि पुढच्या भेटीला येतच नाही. सोडावी आणि सोडू नये, हे दोन्ही विचार त्याच्या मनात एकाच वेळी चालू असतात. आपण एक बाजू लावून धरली की तो दुसरीची वकिली करू लागतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत यावरच बेतलेली आहे: सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत.

त्याच वाक्यावर म्हणून बघा, “कामाचा खाडा होऊ नये, हे तुम्ही जपता.” आणि गप्प बसा. कदाचित उत्तर येईल, “जपतो हो, पण हल्ली सकाळी हात थरथरतात.” ही माहिती कितीही उपदेश केला असता तरी मिळाली नसती. गप्प बसायला सराव लागतो. सहाध्यायाबरोबर रोल-प्ले करा, तो रेकॉर्ड करा आणि ऐकताना आपण किती वेळ बोललो, हो-नाहीत उत्तर संपणारे प्रश्न किती विचारले, ते मोजा.

“आजपासून बंद” म्हणणं

ही चूक जिवावर बेतू शकते. सकाळी थरथरणारे हात म्हणजे शरीर दारूवर अवलंबून असल्याची खूण असू शकते. अशा माणसाने एकदम थांबवलं तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास, ताप, प्रचंड घाम. झोपेच्या काही गोळ्या, विशेषतः बेन्झोडायझेपिन, अचानक सोडतानाही फिटचा धोका असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: शेवटचं कधी प्यायलात? पूर्वी थांबवल्यावर फिट आली होती का? सोबत गोळ्या घेता का? शंका आली तर आधी डॉक्टर, मग समुपदेशन.

घसरण झाली की नाराज होणं

घसरण म्हणजे थांबवलेलं व्यसन पुन्हा सुरू होणं. तुमच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली की माणूस पुढची घसरण लपवतो. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांत हे लपवणं घातक ठरतं. काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुन्याच प्रमाणात घेतलं तर श्वास थांबू शकतो. हे घसरणीनंतर सांगून काय उपयोग? उपचार चालू असतानाच सांगा, घरच्यांनाही नॅलॉक्सोनची, म्हणजे अशा ओव्हरडोसवर उतारा असलेल्या औषधाची, माहिती द्या.

स्वतःचाच मार्ग सगळ्यांना लावणं

स्वतः व्यसनातून सावरलेल्यांनी इथे जास्त जपावं. तुम्हाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या, बैठकांनी तारलं असेल, म्हणून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरची मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्याला “तू अजून सुटलेला नाहीस” म्हणू नका. ही औषधं चालू असताना ओव्हरडोसने मरण्याचा धोका बराच कमी होतो. तुमच्या शेऱ्यामुळे त्याने ती सोडली, तर तो धोका पुन्हा त्याच्या डोक्यावर येतो.

काही अडलं तर

क्लायंट बोलतच नसेल तर त्याला कुणी धाडलंय ते बघा. घरच्यांनी किंवा कोर्टाने पाठवलेला माणूस रागावलेला असणारच. आधी त्या रागाबद्दल बोलू द्या, प्रश्नावली नंतर भरता येईल.

बायकोचा फोन येतो, “आज ते प्यायले का, सांगाल?” क्लायंटच्या संमतीशिवाय सांगायचं नाही. जिवाला धोका असेल तेव्हा गुप्तता कुठे संपते, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करा.

आणि सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबरच्या चर्चेला, फक्त जमलेल्या केसेस नेऊ नका. ज्या क्लायंटची वेळ जवळ आली की तुमच्या पोटात गोळा येतो, त्याची फाइल आधी उघडा.