नाशकात नातेवाइकाकडे उतरताना

सातपूर-अंबडला काम बघायला आलेला माणूस आधी मावसभावाच्या नाहीतर गाववाल्याच्या खोलीवर उतरतो. चार दिवस पाहुणचार. मग हिशेब, आणि तो त्याच आठवड्यात बोलून घ्यायचा. पहिल्या पगाराची वाट बघत बसलात तर कोणी तोंडावर काही म्हणत नाही, पण घरातली भांडी आपटू लागतात.

किराणा माणशी वाटा. वीजबिल तसं वाटू नका. महावितरणचा घरगुती दर महिना १०० युनिटच्या पुढे चढतो. ९० युनिटचं घर तुमच्यामुळे १२० वर गेलं, तर वरचे २० युनिट महागात पडतात. म्हणून तुम्ही येण्याआधीचं बिल काढा आणि वाढलेला फरक तुम्ही भरा. पाणी तापवायचा दीड हजार वॉटचा रॉड रोज २० मिनिटं लावला तरी महिन्याला १५ युनिट होतात.

घरचा सिलिंडर लवकर संपू लागला, तर एजन्सीतून ५ किलोचा छोटा सिलिंडर आणा. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. किलोमागे महाग पडतो, तरी कोपऱ्यावर चोरून भरून मिळणारी टाकी नकोच: वजनात मार आणि गळतीची भीती.

खोली भाड्याची असेल तर मालकाला भावानेच आधी सांगावं. करारात राहणाऱ्यांची संख्या घातलेली असेल, तर वाद तुमच्यावरून होतो आणि डिपॉझिट भावाचं अडकतं.

रेशनसाठी नवं कार्ड काढायची घाई नको. गावच्या कार्डाला आधार जोडलेलं असेल तर इथल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं, उरलेलं घरचे गावात घेतात. गवंडीकाम, हमाली करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. मशीनने अंगठा घेतला नाही तर हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा.

आधारवरचा पत्ता जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो; त्याच्या आधारवरचा पत्ताच तुमच्या आधारवर येतो. तो कुटुंबप्रमुख म्हणून ३० दिवसांत मान्यता देतो. मित्र चालत नाही, नातं दाखवावं लागतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण दहा वर्षं सिडकोत राहणाऱ्या भावाच्या आधारवरही गावचाच पत्ता असतो. तो आधी बघा, नाहीतर भरलेलं शुल्क परत मिळत नाही. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला.