नायक देव असतो तेव्हा: शृंगारिक कादंबरी वाचायची माझी रीत

या कादंबऱ्यांचा साचा बहुतेकींना माहीत असेल. आजचं शहर, आजची नोकरी करणारी तरुणी, आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिलेला पुरुष. त्याच्या मालकीचं मोठं हॉटेल असतं, अंगावर काळा सूट असतो, आणि तो प्रत्यक्षात पाताळाचा राजा किंवा समुद्राचा देव असतो. दोघं एकमेकांकडे ओढले जातात, आणि पुढचं सगळं लेखिका दार न लावता सांगते. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. रात्री घरात निजानीज झाली की फोनवर या कादंबऱ्या वाचते, आणि मनापासून वाचते. त्या घाईघाईत उरकण्यासारख्या नसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

निवडण्याबद्दल थोडक्यात. ही प्रौढांची पुस्तकं आहेत. सुरुवातीला बहुधा एक सूचनेचं पान असतं, त्यात हिंसा, जबरदस्ती, मृत्यू असं काही पुढे येणार असेल तर सांगितलेलं असतं. ते पान वाचा आणि झेपणार नसेल तर खुशाल दुसरं पुस्तक घ्या. एकाच भागात गोष्ट पूर्ण होते का, तेही बघा. मग फुकट मिळणारा नमुना उघडा आणि दोघांच्या पहिल्या भेटीपर्यंत वाचा. नायकाच्या खांद्यांवर दोन पानं खर्च झाली आणि नायिकेच्या तोंडी एकही लक्षात राहील असं वाक्य नसेल, तर मी ते पुस्तक तिथेच सोडते. देवाशी बरोबरीने बोलता न येणाऱ्या मुलीचं त्याच्यावरचं प्रेम तीनशे पानं वाचण्यात मला रस नाही.

पुस्तक ठरलं की लगेच सुरू करू नका. आधी मूळ कथा वाचा. अर्धा तास पुरतो. याचं कारण असं की प्रेमकादंबरीचा शेवट गोड होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं आणि पुराणकथेचा शेवटही ठाऊक असतो, पण तो सहसा गोड नसतो. कुणीतरी झाड होतं, कुणी कायमचं हरवतं, कुणी शाप घेऊन जातं. दोन्ही शेवट माहीत असताना लेखिका एकाकडून दुसऱ्याकडे कशी पोचते, हीच खरी उत्कंठा. मूळ कथा माहीत नसली तर निम्मी गंमत हातची जाते.

सगळ्यात जास्त कादंबऱ्या हेडीस आणि पर्सेफनीवर येतात, म्हणून तेच उदाहरण घेते. डिमीटर ही धान्याची देवी, पर्सेफनी तिची मुलगी. डिमीटरचं जे प्राचीन ग्रीक स्तोत्र आहे, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातलं, त्यात पर्सेफनी कुरणात फुलं तोडत असते. जमीन फाटते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. तिच्या बापाची, देवांचा राजा झ्यूसची, याला संमती असते. तिला कुणीही विचारलेलं नसतं. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस शोधत फिरते, आणि मग तिच्या दुःखाने शेतात काही उगवेनासं होतं. शेवटी मुलीला परत आणायचं ठरतं, पण निघण्यापूर्वी हेडीस तिला गुपचूप डाळिंबाचा एक दाणा भरवतो, आणि त्यामुळे दर वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खालीच राहावं लागतं. पुढे काही शतकांनी रोमन कवी ओव्हिडने हीच कथा सांगितली. त्याच्याकडे ती स्वतःच बागेतलं डाळिंब तोडून सात दाणे खाते, आणि वर्ष दोघांत निम्मं निम्मं वाटलं जातं.

एका ठिकाणी तो भरवतो, दुसऱ्या ठिकाणी ती खाते. आजच्या लेखिका या दोहोंच्या मधली जागा पकडतात. कुणाची नायिका जाणूनबुजून, त्याच्या डोळ्यांत बघत दाणे खाते. कुणाची आईच्या धाकातून सुटायला स्वतःहून खाली उतरते. तुमच्या पुस्तकात डाळिंब कुठे येतं ते बघा आणि तिथे थांबा. आपल्या जिल्ह्याला हे जास्त चांगलं कळायला हवं. सांगोला-पंढरपूरकडच्या ‘भगवा’ जातीच्या डाळिंबांचे क्रेट आपण डोळ्यांसमोर भरताना पाहिलेत, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. डाळिंब नकळत खाल्लं जात नाही. साल चिरावी लागते, पांढरा पापुद्रा काढावा लागतो, दाणे सुटे करावे लागतात आणि बोटं लाल होतात. म्हणून अशा प्रसंगात फळ कुणी फोडलं, डाग कुणाच्या हाताला लागले आणि सगळ्याला किती वेळ लागला, हे मी बघते. चांगली लेखिका याची उत्तरं देते. जी नुसतं ‘तिने डाळिंब खाल्लं’ म्हणून पुढे जाते, तिला आपल्या हातात काय होतं ते कळलेलं नसतं.

आता माझी मुख्य कसोटी सांगते. ती मला दमयंतीने दिली. महाभारतातल्या वनपर्वात तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव येतात आणि चौघंही नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळ, एकसारखे. तिला तर माणूसच हवा आहे. ती देवांनाच विनवते की मला नळ ओळखू द्या, आणि मग तिला फरक दिसू लागतो. देवांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा ताज्या आहेत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ आहे, घाम आहे, त्याची सावली पडते आहे आणि पापण्या मिटताहेत. ती त्याच्याच गळ्यात माळ घालते. त्या चौघांत मृत्यूचा देवही होता, हे विसरू नका.

मग मृत्यूचाच देव नायक असलेली कादंबरी आपल्याला का ओढते? माझ्या मते, कारण चांगल्या कादंबरीत तो हळूहळू पाचवा नळ होतो. त्याला घाम फुटतो. त्याची सावली पडायला लागते. म्हणून वाचताना माझी नजर त्याच एका जागेवर असते: देव देवपणा कुठे गमावतो? कुठे त्याला वाट बघावी लागते, कुठे शब्द सापडत नाहीत, कुठे त्याला काही दुखतं? एका कादंबरीत समुद्राचा देव नायिकेच्या भाड्याच्या खोलीत येतो आणि गळका नळ दुरुस्त करता करता त्याचा हात कापतो. तीनशे वर्षांनी त्याने स्वतःचं रक्त पाहिलेलं असतं. त्या पानानंतरच्या त्यांच्या पहिल्या चुंबनाला जे वजन आलं, ते आधीच्या सगळ्या वादळांना आणि विजांना आलं नव्हतं. तुमच्या पुस्तकात अशी जागा सापडली नाही, नायक शेवटपर्यंत न घामेजता, पापणी न लववता सुंदरच राहिला, तर ती कादंबरी फसली असं खुशाल म्हणा.

आता ज्या पानांसाठी बहुतेक जणी पुस्तक उघडतात त्यांच्याविषयी. ती गाळू नका आणि थेट तिथेच उडीही मारू नका. मागची शंभर पानं साठवलेली ओढ बरोबर घेऊन तिथे पोचलात तरच ती पानं पेटतात. आणि तिथे वेग कमी करा. कोण आधी हात पुढे करतं, कोण विचारतं, कोण थांबतं, हे वाचा. प्रसंग संपल्यावर स्वतःला विचारा की आता या दोघांमध्ये असं काय बदललं जे बोलून बदललं नसतं. तिला त्याचं एखादं भय कळलं, त्याला तिची एखादी अट कळली, असं काहीतरी घडायला हवं. प्रसंग काढून टाकला तरी गोष्टीला ओरखडा उठत नसेल, तर तो भरणा आहे, मग कितीही धीट असो.

अटीवरून उर्वशी आठवते. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ती अप्सरा पुरूरवा राजाकडे राहायला येते तीच अटी घालून. त्यांतली एक अशी की माझ्या इच्छेविरुद्ध माझ्याजवळ येऊ नकोस, आणि दुसरी अशी की तू मला कधी नग्न दिसू नकोस. गंधर्व तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात, तो तसाच उठून धावतो, वीज चमकते, आणि ती नाहीशी होते. एवढ्या जुन्या काळात बाईच्या इच्छेची अट इतक्या स्पष्टपणे सांगितलेली आहे. तेव्हा आजच्या कादंबरीतला हजारो वर्षांचा देव सव्वीस वर्षांच्या मुलीला विचारत नसेल, तर ‘मूळ कथाच तशी आहे’ ही सबब मी मानत नाही. ताकदीत एवढी तफावत असताना तिच्या ‘नाही’ला त्या जगात किती किंमत आहे, यावरूनच मी लेखिकेला जोखते.

लाजेविषयीही बोलायला हवं. ‘असलं काय वाचायलीस गं?’ असं कुणी विचारलं की मान खाली घालायची गरज नाही. शृंगारिक लावण्या रचणारा शाहीर राम जोशी आपल्याच सोलापूरचा. महाराष्ट्री प्राकृतातल्या, सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीत आपल्याच प्रदेशातल्या बायका आपली ओढ उघडपणे सांगतात. आणि देवांचा शृंगार लिहावा की नाही हा वादही जुना आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात शिवपार्वतीचा शृंगार रंगवला. पुढे अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने श्रेष्ठ देवतांचा संभोगशृंगार वर्णू नये, ते आईवडिलांच्या संभोगाचं वर्णन करण्याइतकं अनुचित आहे, असं बजावलं. मला दोघंही पटतात, आणि त्यातून मी माझी रेघ आखली आहे. ज्याच्यापुढे घरी दिवा लागतो त्याची शृंगारिक कादंबरी मी वाचत नाही. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर आपण अक्षता टाकतो, त्यामागेही एका मुलीचं मन आहेच. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांना वरलं आणि तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. ती कथा ऐकताना मला भरून येतं, पण तिथे मला दुसरं काही शोधायचं नसतं. गंधर्व, अप्सरा, यक्ष, नाग आणि परदेशी देव मात्र मी मोकळ्या मनाने वाचते. तुमची रेघ वेगळी असू शकते. पण ती पुस्तक उघडण्यापूर्वी आखा, नाहीतर अर्ध्यात अस्वस्थ व्हाल.

जमलं तर एखादीबरोबर वाचा. माझी एक मैत्रीण शहराच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू बोलणारी. आम्ही एकच पुस्तक एकाच आठवड्यात घेतो आणि आपापल्या खुणा केलेल्या जागा एकमेकींना दाखवतो. देव कुठे माणूस झाला याबद्दल आमचं क्वचितच एकमत होतं. तिला तो भांडणात सापडतो, मला स्वयंपाकघरात.

अजून एकही वाचलेली नसेल तर सुरुवात प्रेमाचा देव इरॉस आणि माणसांतली सायकी यांच्यावर बेतलेल्या कादंबरीने करा. मूळ कथा दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसने लॅटिनमध्ये सांगितली आहे: नवरा फक्त अंधारात येतो, चेहरा बघायची मनाई आहे, आणि एका रात्री ती दिवा घेऊन त्याला बघते. तेवढ्यात तापलेल्या तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि देवाचं अंग भाजतं. माझ्या कसोटीला इतका सरळ उतरणारा प्रसंग दुसरा नाही. आजच्या कादंबरीत दिव्याऐवजी मोबाइलचा टॉर्च असेल, तेलाऐवजी आणखी काही असेल, पण तो क्षण असतोच. तो जवळ आला असं वाटलं की रात्री अकराला ते प्रकरण सुरू करू नका, मध्ये सोडवत नाही आणि सकाळी पाणी भरायला उठायचं असतं. रविवारची दुपार मोकळी ठेवा.