सोमवारी बंद: कांतालच्या घाटांसाठी तयारीची यादी

मध्य फ्रान्सच्या कांताल जिल्ह्यात सायकलने घाट चढायला निघालात, तर सायकल, टायर, गिअर हे सगळं नंतर. आधी कॅलेंडर घ्या आणि प्रवासाच्या तारखांत येणाऱ्या सगळ्या सोमवारांवर लाल खूण करा. फ्रान्सच्या खेड्यात रविवारी दुपारनंतर कुलूप लागतं, ते बऱ्याच ठिकाणी मंगळवारी सकाळीच निघतं. उरलेल्या दिवसांतही बारा ते दोन या वेळात दुकान उघडं सापडलं तर नशीब समजा. दुपारी एक ते चारच्या पाट्यांवरून पुणेकरांना हसणाऱ्यांनी एकदा इथे येऊन जावं. पहिल्या वेळी मी सोमवारी बारा वाजून वीस मिनिटांनी एका गावात पोहोचलो. दोन्ही बाटल्या रिकाम्या, खिशात एक केळं. बुलांजरी, म्हणजे पावाचं दुकान, बंद. किराणा बंद. चौकात एक मांजर होतं. पुढचं गाव चौदा किलोमीटरवर, आणि मध्ये घाट.

ज्या शांत रस्त्यांसाठी आपण एवढ्या लांब जातो ते शांत का आहेत, हे त्या दिवशी कळलं. तिथे माणसंच कमी आहेत. कांताल हा जिल्हा मध्य फ्रान्सच्या मासिफ सांत्राल डोंगराळ प्रदेशात येतो. क्षेत्रफळ ५,७०० चौरस किलोमीटरहून अधिक, वस्ती दीड लाखाच्याही आत. म्हणजे पुण्याच्या एखाद-दोन उपनगरांतली माणसं एका अख्ख्या जिल्ह्यात पसरलेली. टपरी नाही, पंक्चरवाला नाही, 'काका, जरा पाणी द्या' म्हणावं तर काका दिसत नाहीत. म्हणून ही यादी मी तिथे काय मिळणार नाही या हिशोबाने केली आहे.

महिना जून किंवा सप्टेंबर. इथला मुख्य घाट म्हणजे पुई मारी शिखराच्या खांद्यावरची पा द पेरॉल ही खिंड. उंची १,५८९ मीटर, मासिफ सांत्रालमधली सगळ्यात उंच डांबरी खिंड. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जरा खालून रस्ता जातो असं समजा. हिवाळ्यात तो बर्फामुळे बंद असतो आणि कधीकधी मे उजाडेपर्यंत उघडत नाही, त्यामुळे एप्रिलची स्वस्त तिकिटं बघून भुलू नका. ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो आणि त्यातले बरेच जण गाड्या घेऊन पुई मारीलाच येतात. जूनअखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरात गर्दी ओसरते, पण शिकारीचा हंगाम सुरू होतो. रस्त्याकडेला 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली तर रानात बंदुका आहेत असं समजायचं आणि झाडीत शिरून लघुशंकेला थांबायचं नाही.

कागदपत्रांचं फार सांगत बसत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. विम्याची पॉलिसी मात्र नीट वाचा. सायकलिंग चालतं का, डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च मिळतो का, हे लेखी विचारा. एजंट तोंडी 'हो हो, सगळं कव्हर आहे' म्हणतो, त्याला काही अर्थ नाही.

आता सायकल. गिअरच्या बाबतीत अहंकार घरी ठेवा. पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) हा माझा किमान आग्रह. सिंहगड चढलोय, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: पा द पेरॉलचा फाल्गू गावाकडून येणारा चढ आधी बराच वेळ गोड बोलतो आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत अकरा टक्क्यांच्या वर जातो. तेही पाय आधीच दमलेले असताना, आणि झाडी संपून ऊन थेट डोक्यावर असताना. १० जुलै २०२४ रोजी तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इथूनच गेली. पोगाचार या सायकलपटूने याच घाटावर हल्ला चढवला, म्हणजे एकदम वेग वाढवून पुढे निघाला, आणि तरी पुढे प्रतिस्पर्धी विंगेगोरने त्याला गाठलं आणि ले लिओराँला रेषेवर हरवलं. तेव्हा चढ संपला की दिवस संपला असं इथे नसतं. पा द पेरॉलनंतर पेर्त्यूस हा घाट आहे, १,३०९ मीटर. लांबीला कमी, पण भलताच खडा. सरावासाठी एकच लांब घाट चढून घरी येऊ नका. तीन छोटे घाट ओळीने घ्या, आणि तिसरा भरदुपारी.

टायर २८ मिलिमीटर, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. याचं कारण खड्डे नाहीत, खडी आहे. उन्हाळ्यात तिकडे रस्त्यावर डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. 'ग्राव्हियाँ' अशी पाटी दिसली की उतारावर वेग आधीच कमी करायचा. वळणावर ब्रेक लावलात तर गुडघा फ्रान्सच्या भूमीला अर्पण. ब्रेकपॅड नवे घालून जा आणि एक जोडी बरोबर ठेवा.

सुट्या भागांत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे तळहातावर मावणारा डिरेलर हँगर, म्हणजे मागचं गिअर बदलणारं यंत्र फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, विमानात हमखास वाकतो आणि ओरियाक या जिल्ह्याच्या मुख्य गावातल्या सायकल दुकानात तुमच्या मॉडेलचा असेलच याची खात्री नाही. दोन घेऊन जा. शिवाय दोन ट्यूब, पॅच, चेनची क्विक लिंक, चेन तोडायचं हत्यार, दोन-तीन आरे, गिअर केबल आणि हातपंप. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या घरीच राहू द्या, विमानतळावर त्यांच्यावरून वाद घालण्यात वेळ जातो. पॉवरबँक आणि दिव्यांच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. हे सगळं जवळ हवं, कारण सायकलची दुकानं मोठ्या गावांतच आहेत आणि तीसुद्धा पुष्कळदा रविवार-सोमवार बंद. ती लाल खूण इथेही लागू आहे.

कायद्याने लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: घंटी, पुढे पांढरा दिवा, मागे लाल, रिफ्लेक्टर. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे, आणि डोंगरात धुकं जूनमध्येही सकाळी असतं. हेल्मेटची सक्ती फक्त बारा वर्षांखालच्यांना आहे, तुम्ही घाला. इयरफोन लावून चालवणं २०१५ पासून बेकायदा आहे, तेव्हा घाटात गाणी ऐकायची सवय आत्ताच मोडा.

रस्त्याची सवय हाही तयारीचाच भाग. गाडी उजवीकडून चालते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सकाळी पहिलं पेडल मारताना आणि कॉफी पिऊन परत निघताना हमखास चूक होते. मी दांडीवर उजव्या बाजूला लाल टेप चिकटवतो. त्याहून अवघड आहे 'प्रियोरिते आ द्रुआत'. गावातल्या पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बोळातून निघालेला ट्रॅक्टर का असेना. तो तुमच्याकडे बघणारही नाही. तुमच्या रस्त्यावर कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर हक्क तुमचा. बाकी गाडीवाले सभ्य. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. मागे गाडी शांतपणे वाट बघत थांबली आणि हॉर्न वाजला नाही, की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

नकाशा कागदाचा घ्या. फोनवरचं जीपीएस हवंच, पण दऱ्यांत रेंज जाते, आणि ॲप तुम्हाला जवळचा म्हणून सरळ एन १२२ या ट्रकच्या रस्त्यावर नेऊन सोडतं. मिशलँच्या नकाशावर रस्त्यावर छोटे बाण असतात. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. रस्त्याला हिरवी कड असेल तर देखावा चांगला. आदल्या संध्याकाळी पांढऱ्या आणि पिवळ्या रंगाचे डी रस्ते, म्हणजे जिल्हा रस्ते, बोटाने जोडत बसायचं. प्रत्यक्षात त्या रस्त्यांवर पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड असतात, ते दिसत राहिले की आपण बरोबर आहोत. हीच मिशलँ कंपनी क्लेरमाँ-फेराँची, जिथे तुमची रेल्वे थांबणार आहे. काढता येणारा हवेचा टायर त्यांनी १८९१ साली आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँने तो लावून पहिली पारी-ब्रेस्त-पारी ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत जिंकली. ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणाऱ्या आपल्या मंडळींनी क्लेरमाँला एक नमस्कार करायला हरकत नाही.

मार्ग म्हणून माझी शिफारस: ओरियाकहून जॉर्दान नदीच्या काठाने मांदाय, तिथून पा द पेरॉल, नेरोन खिंडीवरून सालेर, मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत पा द पेरॉल, मग दिएन आणि आँत्रमाँ खिंडीवरून म्युरा. दोन्ही दिवस लहान वाटतील, पण वाढवू नका. म्युराच्या डोक्यावर बेसॉल्टचे खांब उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर ओळखीचे वाटतील. हाही ज्वालामुखीचाच मुलूख.

पाण्याचं गुपित मात्र लिहून ठेवा: स्मशानभूमी. जवळजवळ प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो, आणि तो सोमवारीही चालू असतो. 'ओ नाँ पोताब्ल' लिहिलं असेल तर पिऊ नका. पहिल्यांदा जरा अवघड वाटतं, म्हणून आत शिरताना टोपी काढतो. त्या सोमवारी मला तिथलंच पाणी मिळालं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या हव्यातच.

खाण्यासाठी मागच्या खिशात कायम एका जेवणाइतकं सामान. घरून शेंगदाण्याची चिक्की, खजूर, कोरडी चटणी न्या. पेढे, खवा, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. शाकाहारी लोकांनी मुक्कामाच्या ठिकाणी आरक्षण करतानाच 'साँ व्हियाँद, साँ प्वासाँ' (मांस नको, मासे नकोत) असं लिहून कळवावं. ऐन वेळी सांगितलंत तर सॅलड आणि पाव मिळेल. इथली खासियत त्रुफाद, म्हणजे बटाटा आणि ताजं चीज, ऐकायला आपल्यासाठीच केलेली वाटते. पण तिच्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. शेजारच्या ल पुईची हिरवी मसूर मात्र कुठेही दिसली तर मागवा. दुपारचं जेवण बारा ते दीडमध्ये, नंतर स्वयंपाकघर बंद. काही गावांत पाव देणारं यंत्र चौकात बसवलेलं असतं, त्यासाठी युरोची नाणी वेगळ्या पिशवीत. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', मग मागणी. थेट 'पाणी आहे का' विचारलंत तर पाणी असूनही चेहरा आंबट होतो.

कपड्यांत दुपारचं तापमान बघून फसू नका. जुलैत दुपारी तीस अंश असलं तरी सकाळी हजार मीटरवर थंडी बोचते, आणि घामाने भिजून घाट उतरताना दात वाजतात. पातळ विंडचीटर, वेगळ्या चढवायच्या बाह्या आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिंडीवर घालायला जवळ हवेत. ओरियाक फ्रान्सभर छत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, यावरून काय ते समजा. रोज सकाळी मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग बघायचा. हिरवा, पिवळा ठीक. नारिंगी असेल तर दुपारच्या वादळाआधी खिंड ओलांडून खाली. अपघात झाला तर ११२.

शेवटचं, सायकल भरून नेण्याच्या खोक्याचं. पॅरिस बेर्सीहून क्लेरमाँ-फेराँची गाडी सुटते. सायकलची जागा आधी आरक्षित करा किंवा सायकल पिशवीत भरा. क्लेरमाँला परतीचा मुक्काम त्याच हॉटेलात ठरवा, म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं ते ठेवून घेतात. ईमेल करून होकार आधी घ्या. तिथून सायकल जोडून लोकल गाडीत चढवायची, सुमारे अडीच तासांत ओरियाक. दिवसाला गाड्या मोजक्या, त्यामुळे वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. आणि खोक्यात चिकटपट्टीचा एक नवा रोल टाकून ठेवा, कारण परतताना तुम्ही क्लेरमाँला पोहोचाल तो नेमका रविवार असेल.