बियांपासून हंगामी फुलवेली

मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेल यांच्या बियांचे कवच इतके टणक असते की तशाच पेरल्यास त्या कित्येक दिवस नुसत्या पडून राहतात. म्हणून बीचा डोळा (बी बोंडात जिथे चिकटलेली असते ती खूण) सोडून दुसरी बाजू पॉलिश पेपरवर हलकेच घासावी आणि आतला फिकट रंग दिसताच थांबावे. मग रात्रभर पाण्यात भिजवल्या, की सकाळी त्या टम्म फुगलेल्या दिसतात. न फुगलेल्या बिया पुन्हा घासाव्यात.

या वेलींच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही, त्यामुळे रोपे करत बसण्यापेक्षा भरपूर उन्हाच्या कायमच्या जागीच १ सेंटिमीटर खोल बी टोकणे मला अधिक पसंत आहे. उबदार मातीत साधारण आठवडाभरात कोंब वर येतो. गणेशवेलीची पहिली दोन पाने गलोलीच्या बेचक्यासारखी दुभंगलेली असतात. ती तण समजून उपटू नयेत.

वेल आधाराला विळखा घालत चढते, तेव्हा जाड खांबापेक्षा ताणून बांधलेली सुतळी उत्तम. नत्रयुक्त खत मात्र हात राखूनच द्यावे, अन्यथा पानांचे रान माजते आणि फुले रुसतात. पुढच्या हंगामासाठी बोंडे वेलीवरच वाळू द्यावीत. या बिया विषारी असल्याने त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.