ऑर्गानो निवडुंगाचं जिवंत कुंपण कसं लावायचं

मेक्सिकोत ओआहाका वगैरे भागात घराभोवती ऑर्गानो नावाच्या सरळसोट निवडुंगाची भिंतच असते, लावायला पण सोपी. कोरड्या दिवसांत मीटरभर लांबीचे तुकडे कापायचे, मग २-३ आठवडे सावलीत ठेवून कापलेली बाजू पूर्ण सुकू द्यायची, इथे घाई करू नका प्लीज, ओला तुकडा लावला की सडतो. निचऱ्याच्या मातीत चर खणून २०-३० सेंमी खोल, एकमेकांना जवळजवळ चिकटवून लावा आणि आडव्या काठीला दोरीने बांधून टाका म्हणजे मुळं धरेपर्यंत पडत नाहीत. पाणी लगेच नको, दोनेक आठवड्यांनी थोडंसं. वाढ हळू, पण पुढे ३-५ मीटर होतात! आपल्या बांधावरच्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, याला तसा चीक नाही, म्हणून मला हेच जास्त आवडतं, काटेही आखूडच असतात.