तापीकाठी व्हॅम्पायरची प्रेमकथा कशी लिहावी

व्हॅम्पायरची प्रेमकथा फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: नायकाला भूकच लागत नाही. तो देखणा असतो, पैसेवाला असतो, दीडशे वर्षं एकटा असतो. पण ज्या रक्तावाचून तो जगू शकत नाही ते त्याला कधी, किती आणि कुठून मिळतं, याचा कथेत पत्ता नसतो. मग त्याचं प्रेम कुठल्याही अबोल मुलाच्या प्रेमासारखंच वाटू लागतं. ज्या माणसावर जीव जडला त्याच्याच रक्ताची तहान लागावी, ही या प्रकारातली खरी ओढ. म्हणून पहिल्या भेटीचा प्रसंग सुचला असला तरी तो बाजूला ठेवा आणि आधी हिशोबाला बसा.

पायरी १: भुकेचं माप ठरवा

माणसाच्या अंगात किलोमागे साधारण ६५ ते ७० मिलिलिटर रक्त असतं. ५० किलो वजनाच्या नायिकेच्या अंगात म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर. रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात आणि त्यानंतर पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने थांबायला सांगतात. रक्तदात्याचं हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. या नायिकेच्या अंगातून अर्धा लिटर गेलं तर ती घाबरी होईल, नाडी वाढेल. लिटरभर गेलं तर घाम फुटेल, उभं राहवणार नाही. दीड लिटरच्या आसपास तिचा जीव वाचवणं कठीण.

आता नायकाला रोज किती लागतं ते लिहून काढा. रोज एक पेला म्हटलं, तरी एकट्या नायिकेच्या जिवावर तो महिनाभरही राहू शकत नाही. मग बाकीचं कुठून येतं? गुरांचं? रक्तपेढीतलं? पिशवीतलं रक्त थंड ठेवूनही साध्या द्रावणात ३५ दिवसच टिकतं; मुदत संपलेल्या पिशव्या मिळवणारा नायक ठेवलात तर त्या कोण देतं आणि त्याला काय मिळतं, हेही ठरवावं लागेल. महिन्यातून एकदाच लागतं असा नियम केलात, तर कथेला आपोआप ताल मिळतो: पहिला आठवडा निवांत, चौथा आठवडा धोक्याचा.

या लेखात पुढे एकच जोडी उदाहरणाला घेतली आहे. नायक रघुनाथ हा धरणगावच्या कापूसपेठेतला तोलारी. आयुष्य काटा धरण्यात गेलं, त्यामुळे किती प्यालो हे त्याला थेंबाथेंबाने कळतं. नायिका वैशाली, वय २९, यावल तालुक्यात वडिलांची केळीची बाग सांभाळते.

पायरी २: जन्मसाल आणि कागदपत्रं

'शेकडो वर्षांपूर्वीचा' असं मोघम लिहू नका. साल पक्कं करा, कारण त्या सालातून माणसाचा पेशा आणि दुःख निघतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. इथल्या कापसाचे भाव भडकले आणि युद्ध संपताच कोसळले. विलायती व्यापाऱ्याचा एखादा दलाल त्या धामधुमीत खानदेशात आला आणि रात्रीच सौदे करू लागला, तर युरोपातला व्हॅम्पायर इकडे कसा पोचला याला पटण्यासारखं कारण मिळतं. रघुनाथला दंश झाला १८६४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तो खानदेश एकसंध जिल्हा म्हणून ओळखतो. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ मध्ये पडले. १८९९-१९०० चा दुष्काळ त्याने पाहिला आहे. माणसांच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं अशा वर्षी त्याने काय केलं, या प्रश्नाचं उत्तर कथेत केव्हातरी द्यावंच लागेल.

पुढे कागदपत्रं. जमीन असेल तर सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे? मृत्यूच नाही तर वारस नोंद कशी होणार, फेरफार कसा धरला जाणार? आधारला बोटांचे ठसे लागतात. सगळं नाही सांगितलं तरी चालेल, पण एक अडचण नक्की दाखवा. प्रेमात पडलेल्या बाईने 'तुमचं पूर्ण नाव काय?' असं विचारल्यावर गप्प होणारा नायक तिथे लगेच खरा वाटतो.

पायरी ३: ऊन

उन्हाने व्हॅम्पायर जळून मरतो, हा नियम वाटतो तितका जुना नाही. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट दिवसा फिरतो. फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. सूर्यप्रकाशाने अंत होण्याची कल्पना रूढ झाली ती १९२२ च्या एका जर्मन मूकपटानंतर. म्हणजे निवड तुमच्या हातात आहे. फक्त एकदा केली की बदलायची नाही.

खानदेशात प्रकाश आणि उष्मा वेगळे धरा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. प्रकाश मारतो, उष्म्याने तहान वाढते, असा दुहेरी नियम केलात तर उन्हाळा हाच कथेतला विरोधक होतो. वेळाही तपासून घ्या. जळगावला २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेसहानंतर मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो: तेरा तासांची रात्र. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो सात-सव्वासातला मावळतो आणि पावणेसहाला वर येतो. नायकाच्या पदरात अडीच तास कमी. हिवाळ्यातलं प्रेम आणि उन्हाळ्यातली ताटातूट या एका फरकावर उभी करता येते.

केळीच्या बागेचा उपयोग तर करायलाच हवा. दीड-दीड मीटरवर लावलेली बाग पाच-सहा महिन्यांत वरून मिटते आणि भर दुपारी आत हिरवट काळोख असतो. ऑक्टोबरात लावलेली केळी, तिला इकडे कांदेबाग म्हणतात, मेमध्ये अशी दाट असते. तिथे रघुनाथ दिवसा उभा राहू शकतो, तेही वारा अडवायला बांधावर लावलेली शेवरी आणि केळीची पानं शाबूत आहेत तोवर. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे उभ्या बागा आडव्या होतात. दुपारी चारला वादळ, पाचला लख्ख ऊन आणि मध्ये जमीनदोस्त केळी: उत्कर्षबिंदू शोधायला आणखी कुठे जायची गरज नाही. मात्र वादळाची चाहूल कथेत आधी दोनदा तरी यायला हवी. ऐनवेळी आणलेलं वादळ वाचकाला लबाडी वाटते.

पायरी ४: उंबरठा

बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही, हा नियम प्रेमकथेसाठी सगळ्यांत मोलाचा. आपल्याकडे तर तो जास्तच खुलतो, कारण आपण दारात आलेल्या कुणालाही 'या, बसा' म्हणतो. म्हणून आधी ठरवा: कुणाचं बोलावणं चालतं? शिष्टाचाराचं 'या ना एकदा घरी' चालतं का? दिलेलं बोलावणं मागे घेता येतं का? आमच्या मते सर्वांत चांगला नियम असा: ज्याच्या रक्ताची तहान आहे त्याच्याच तोंडचं बोलावणं लागतं, आणि ते कधीही मागे घेता येतं. नायिकेचा होकार कथेच्या यंत्रणेतच बसतो. वेगळं भाषण लागत नाही.

लिहिताना नियम समजावून सांगू नका. 'तो दारात थांबला, कारण आमंत्रणाशिवाय तो आत येऊ शकत नव्हता' हे माहितीपत्रक झालं. त्याऐवजी:

आई म्हणाली, "उभे का? या ना, चहा टाकते." रघुनाथ ओट्यावरून हलला नाही. त्याची नजर वैशालीकडे होती. वैशालीने पाण्याचा तांब्या आणला, ओट्याच्या कडेला ठेवला आणि आत गेली. "या" असं ती म्हणाली नाही.

यात नियम आहे, तिचा संशय आहे, आणि चहा नाकारणाऱ्या पाहुण्याने आईचा केलेला अपमानही आहे.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात माणसं घरात झोपतातच कुठे? खाटा अंगणात, ओट्यावर, धाब्यावर म्हणजे घराच्या सपाट छतावर. तिथे उंबरठा नाही, म्हणजे बोलावण्याची गरजही नाही. जो नियम हिवाळाभर घराला राखतो तो एप्रिलमध्ये गळून पडतो. मग रघुनाथला अडवणारं काहीच उरत नाही, त्याच्या मनाशिवाय. तो धाब्यावर येतो, झोपलेल्या घराकडे पाहतो आणि परत फिरतो, हा प्रसंग लिहायचा असेल तर तो चौथ्या आठवड्यात घाला, तहान शिगेला असताना. आणि तो तिला पाहत तासभर उभा राहिला असं लिहू नका. झोपलेल्या बाईकडे चोरून पाहणं म्हणजे प्रेम नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याने तिला 'काल मी वर आलो होतो' असं स्वतः सांगावं. त्यावर ती चिडेल, आणि ते भांडण प्रेमाच्या दहा संवादांपेक्षा जास्त काम करेल.

पायरी ५: नायिकेला काम द्या, रात्रीचं

दोघांची भेट रात्रीच व्हायची असेल तर नायिका रात्री बाहेर का आहे याला सबळ कारण हवं. खानदेशात ते तयार आहे: शेतीपंपाची लाईट. आठवड्याच्या पाळीने ती रात्री येते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात मोटर चालू करायला जावंच लागतं. हातात बॅटरी, पायांत बूट, मनात बिबट्याची आणि सापाची भीती. वैशाली घाबरते ती बिबट्याला. समोर उभ्या माणसाची भीती तिच्या मनातही येत नाही. हंगामात रात्रभर चालणारं जिनिंग किंवा भुसावळ जंक्शनवरची रात्रपाळीही चालेल. तिचं काम कथेच्या शेवटपर्यंत चालू राहायला हवं. प्रेमात पडल्यावर बागेला पाणी कोण देतं, हा प्रश्न वाचक विचारतोच.

लसूण, सण आणि चंद्र

लसणाचा नियम ठेवलात तर खानदेशात नायकाचं जगणं मुश्कील आहे. ठेचा, शेवभाजी, आणि थंडीत शेतातली भरीत पार्टी: कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची-लसूण, कळण्याची भाकरी. पंगतीत बसून न जेवणारा माणूस लगेच डोळ्यांत भरतो. एका प्रसंगापुरता हा नियम उत्तम, एरवी वगळा.

सण वापरताना चंद्र तपासा. खानदेशातली कानबाई देवी घरोघर बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे शुक्लपक्षातला वाढता चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याही पुढे असतो, ढग नसले तर. गल्ली रात्रभर जागी असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तृतीयेची कोर लवकर मावळते आणि पुढे सगळा अंधार. आखाजीच्या झोक्यांच्या रात्री पूर्णचंद्र रंगवलात तर जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

एक गोष्ट करू नका

रक्त पिणारी नायिका रंगवायची असेल तर खुशाल रंगवा, पण तिला डाकीण म्हणू नका आणि कथा सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावर नेऊन तिथल्या बाईवर संशय रोखू नका. त्या पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अशाच छळांसाठी. करमणुकीच्या कथेने त्या संशयाला खतपाणी घालायचं कारण नाही.

पायरी ६: बोली

अख्ख्या खानदेशाला एकच अहिराणी लावू नका. धुळे, अमळनेर, पारोळा, धरणगावकडे अहिराणी. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. रघुनाथ "तू कथा जाई ऱ्हायनी?" (तू कुठे चाललीस?) असं विचारेल, वैशाली तसं बोलणार नाही. संवाद पूर्ण बोलीत लिहिण्यापेक्षा तो भावनेच्या भरात बोलीवर येतो असं ठेवा. इतर वेळी प्रमाण मराठी, तहान अनावर झाली की अहिराणी. चार प्रसंगांनंतर "माले" (मला) हा एक शब्द ऐकूनच वाचक सावध होईल. दोघांचं "तुम्ही"वरून "तू"वर येणंही एकदाच, ठरवून, कथेच्या मध्यानंतर घडू द्या.

पायरी ७: दंश आणि भागांची आखणी

मानेवरचा दंश चित्रात शोभतो, पण मानेतली धमनी फुटली तर रक्त आवरत नाही. मनगट किंवा कोपराची शीर घ्या. तिथे दाबून धरता येतं, आणि दाबून धरणारा त्याचा अंगठा हाच त्या प्रसंगातला प्रेमाचा क्षण. त्यानंतर तिला चक्कर येऊ द्या, पाणी पिऊ द्या, पुढच्या भागातही थकवा राहू द्या. गेलेल्या पाण्याचा भाग दिवसभरात भरून येतो, तांबड्या पेशींना आठवडे लागतात.

२५,००० शब्दांची लघुकादंबरी असेल तर साडेबाराशे शब्दांचे वीस भाग पाडा. भेट पहिल्या दोन भागांत. तो कोण आहे हे तिला पाचव्यापर्यंत कळावं. हे दहाव्यापर्यंत लांबवलं तर वाचकाला केव्हाच कळलेलं असतं आणि नायिका उगाच भोळी दिसते. दंश दहाव्या-अकराव्या भागात, तिच्या बोलावण्याने. पंधराव्याला ताटातूट. वादळ अठराव्यात.

शेवट दोनच प्रकारे टिकतो: तीही व्हॅम्पायर होते, किंवा तो माणूस होऊन म्हातारा होतो. पहिल्यात तिला उन्हातली बाग कायमची सोडावी लागते, दुसऱ्यात त्याला उरलेली वर्षं मोजावी लागतात. जो निवडाल त्याची किंमत पात्राने पानावर चुकती करायला हवी, निदान दोन भाग खर्चून. औषध सापडलं आणि दोघं सुखी झाली, असा तिसरा मार्ग घेतलात तर पहिल्या पायरीवर मांडलेला सगळा हिशोब वाया जातो.

खर्डा झाला की एका अहिराणी बोलणाऱ्याला फक्त रघुनाथचे संवाद आणि एका केळी उत्पादकाला फक्त बागेचे प्रसंग वाचायला द्या. मग पंचांग आणि सूर्योदयाच्या वेळा समोर ठेवून प्रत्येक रात्रीची तारीख समासात लिहा. जिथे तारीख लिहिता येत नाही तो प्रसंग पुन्हा रचा.