हरणाऱ्या संघातला पोरगा आणि फुगलेले आकडे: या चुका टाळा

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, बरेचसे सामने आपल्याकडे पहाटे किंवा सकाळी होतात. त्यामुळे बहुतेक जण सामना न बघता फोनवर थेट बॉक्स स्कोअर (प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) उघडतात. तळाच्या एखाद्या संघातल्या विशीतल्या पोराने २८ गुण केलेले दिसतात आणि लगेच दोन तट पडतात. एकाला तो पुढचा सुपरस्टार वाटतो, दुसरा म्हणतो, "वासरांत लंगडी गाय शहाणी!" दोघांचीही घाई होते आणि त्यात एका तरुण खेळाडूवर शिक्का बसतो.

हरणाऱ्या संघात आकडे फुगतात का? फुगतात, पण सगळे नाही. नुसते मोजायचे आकडे, म्हणजे मिनिटं, शॉट, गुण, हे वाढतात. प्रमाणात सांगायचे आकडे, म्हणजे शंभरातले किती शॉट पडले, हे बऱ्याचदा उलट घसरतात. एकाच खेळाडूच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम घडत असतात.

गुण मोजले, चुकलेले शॉट मोजलेच नाहीत

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मायकेल कार्टर-विल्यम्सचा २०१३-१४चा हंगाम आठवा. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सकडून पदार्पणातच त्याने मायामी हीटविरुद्ध २२ गुण, १२ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने शॉट पाडला असे पास) आणि ९ स्टील्स (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) केले, आणि तो सामना फिलाडेल्फियाने जिंकला. हंगामाअखेर त्याची सरासरी होती १६.७ गुण, ६.२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), ६.३ असिस्ट. 'रुकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडूही तोच ठरला. संघ मात्र ८२ पैकी ६३ सामने हरला, त्यातले २६ सलग.

आता त्याच ओळीतला पुढचा रकाना बघा. त्याचे जेमतेम ४० टक्के शॉट पडले, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) तर २६ टक्के. शिवाय तो संघ त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात वेगाने खेळत होता. वेग जास्त म्हणजे पझेशन (चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्या) जास्त, आणि पझेशन जास्त म्हणजे प्रत्येकाच्या खात्यात दोन आकडे जास्त. दुसऱ्या हंगामातही नेम सुधारला नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये, म्हणजे पुरस्काराला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं.

हे तपासायला घरचा हिशोब पुरतो. फ्री थ्रोंच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) संख्येला ०.४४ने गुणा, त्यात घेतलेले शॉट मिळवा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. ५० टक्क्यांच्या खाली उत्तर येत असेल तर गुण कितीही दिसोत, खेळाडू पझेशन वाया घालवतोय.

फुगण्याचं खापर पराभवावर फोडलं

हरल्यामुळे कुणाला गुण मिळत नाहीत. मिळते ती संधी. कोर्टवर पाच जण असतात आणि प्रत्येक पझेशन त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात संपणार, मग तो शॉट असो, फ्री थ्रो असो की टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं. म्हणजे सरासरी वाटा प्रत्येकी २० टक्के. अनुभवी खेळाडू विकून टाकलेल्या संघात हाच वाटा एखाद्या पोराकडे ३० टक्क्यांवर जातो, आणि चुकलं तरी कोच त्याला बाहेर बसवत नाही, कारण त्याला शिकवणं हाच त्या वर्षीचा कार्यक्रम असतो.

संधीच नसेल तर संघ कितीही हरो, आकडे येत नाहीत. पुढे सुपरस्टार झालेल्या यानिस आंतेतोकुम्पोच्या पहिल्या वर्षी मिलवॉकीने ६७ सामने गमावले आणि त्याची सरासरी होती ६.८ गुण.

टक्केवारी कमी दिसली आणि पोराला निकालात काढलं

पहिली चूक टाळणारे लोक इथे हमखास अडकतात. केविन ड्युरँट २००७-०८मध्ये १९ वर्षांचा होता. सिएटलने ८२ पैकी २० सामने जिंकले. त्याचे गुण २०.३, पण शॉट ४३ टक्के आणि थ्री-पॉइंटर २९ टक्क्यांच्या आतच. कागदावर फुगलेल्या आकड्यांची सगळी लक्षणं हजर.

संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, पुढच्या वर्षीही २३च सामने जिंकला. ड्युरँटचे शॉट मात्र ४७ टक्क्यांवर गेले, थ्री-पॉइंटर ४२वर, गुण २५.३. संघ तितकाच कमकुवत, वाटा मोठाच, तरी नेम सुधारला. माझ्या मते तरुण खेळाडूबद्दल बघण्यासारखी सगळ्यात मोलाची खूण हीच. त्यानंतरच्या हंगामात त्या संघाने ५० सामने जिंकले.

टक्केवारी पडण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. बाजूला शूटर नसतील तर बचाव करणारे खुशाल आत गर्दी करतात आणि शॉट क्लॉक (शॉट घेण्यासाठी दिलेली वेळ) संपत आला की चेंडू पुन्हा त्याच पोराकडे येतो. असिस्टचं तर सरळ नुकसान होतं, कारण पास कितीही सुंदर दिला तरी समोरच्याने शॉट मारला पाहिजे. डेट्रॉइटचा केड कनिंगहॅम १४ विजयांच्या २०२३-२४मध्ये सामन्याला ७.५ असिस्ट देत होता. पुढच्या वर्षी संघात अनुभवी शूटर आले, ४४ विजय झाले आणि त्याचे असिस्ट ९.१वर गेले, गुणही वाढले. हरणाऱ्या संघाने त्याचे आकडे दाबून ठेवले होते.

चांगल्या संघात गेल्यावर गुण घटले, म्हणजे आधीचे खोटे

केविन लव्ह मिनेसोटात २६.१ गुण करत होता, क्लीव्हलँडला लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्विंग या स्टार खेळाडूंच्या जोडीला गेल्यावर १६.४. वाटा कमी झाला, कसब नाही. २०१६चं विजेतेपद त्याच संघाने मिळवलं.

निकाल लागल्यानंतरची मिनिटं वेगळी काढली नाहीत

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. १६ मार्च २००३, क्लीव्हलँड विरुद्ध युटा. शेवटचे काही सेकंद, क्लीव्हलँड १२०-९५ असं पुढे. क्लीव्हलँडच्या रिकी डेव्हिसला ट्रिपल-डबलसाठी (तीन प्रकारांत दोन अंकी आकडे) एक रिबाउंड कमी होता. त्याने चेंडू चक्क स्वतःच्या संघाच्या बास्केटवर मारला, मुद्दाम चुकवला आणि रिबाउंड पकडला. युटाच्या डीशॉन स्टीव्हन्सनने चिडून त्याला फाउल केला. लीगने तो रिबाउंड धरला नाही आणि संघाने डेव्हिसला दंड केला. लक्षात घ्या, हा सामना क्लीव्हलँड जिंकत होतं. निकाल लागून गेला की आकडे दोन्हीकडे फुगतात.

डेव्हिन बुकरचे बॉस्टनविरुद्धचे ७० गुण (२४ मार्च २०१७) याच यादीत टाकले जातात. फिनिक्स १२०-१३० हरलं आणि शेवटी त्याला चेंडू मिळावा म्हणून संघाने मुद्दाम फाउल केले, टाइमआउट घेतले, हे खरंच. पण ४० पैकी २१ शॉट आणि २६ पैकी २४ फ्री थ्रो, वरच्या सूत्राने ६८ टक्के. शेवटच्या मिनिटांतले गुण वजा केले तरी ती रात्र पोकळ ठरत नाही. २०२१मध्ये तोच बुकर फिनिक्सला अंतिम फेरीत घेऊन गेला.

शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या संघात खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आणि कोचसाठी एक अडचण वेगळीच आहे. स्पर्धेच्या अधिकृत स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात, चुकलेले शॉट नसतात. म्हणजे पहिली चूक टाळायला लागणारा आकडाच हाती येत नाही. तेव्हा बेंचवरच्या एका मुलाला वही द्या. घेतलेला शॉट, पडलेला शॉट, फ्री थ्रो, टर्नओव्हर एवढ्याच खुणा आणि फरक २० गुणांवर गेला की पान उलटून नवीन पानावर नोंद. निवडीच्या वेळी पहिलं पान आधी बघा.